दुसरा कॅमेरा

आंदर मावळांत, ठोकळवाडी धरणाच्या कांठच्या एखाद्या गांवीं ऐन लग्नांत छायाचित्रकाराचा कॅमेरा बंद पडला, तर त्यानें काय करावें? दुरुस्तीसाठीं पुणें गांठीपर्यंत वऱ्हाड जेवून उठेल. भटजी मंगलाष्टकें पुन्हा म्हणतील. परंतु मुलीच्या बापाच्या डोळ्यांतलें पाणी पुन्हा मागून आणतां येत नाहीं. म्हणून जो या कामाचें मोल घेतो, त्यानें दुसरा कॅमेरा जवळ बाळगलाच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, गरिबानें दुप्पट पैका कोठून आणावा? आक्षेप खरा आहे. पण दुसरा कॅमेरा नवाच हवा असें नाहीं. जुना, साधा, त्याच भिंगांशीं जुळणारा पुरे, किंवा दिवसापुरता भाड्यानें घ्यावा. हल्लींच्या कांहीं कॅमेऱ्यांत चित्र एकाच वेळीं दोन कार्डांवर उतरतें खरें. परंतु कॅमेराच भिजला तर तें काय कामाचें? आणि येथला पाऊस कोणास विचारून येत नाहीं! १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या यानांतही हॅसलब्लाड कॅमेरे दोन होते.

माझ्या भगिनीच्या विवाहसमयीं उपासनामंदिरांतच कॅमेरा बिघडला. छायाचित्रकारानें पैसे प्रामाणिकपणें परत केले. आईचें त्या दिवसाचें एकही छायाचित्र मात्र आमच्या घरीं नाहीं.