संमेलनाध्यक्षांची निवड

सन १९९२ च्या आमच्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनासाठीं अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तींत इंदिरा संत पराभूत झाल्या व श्री. रमेश मंत्री निवडून आले, हें वाचकांस स्मरत असेलच. मंत्र्यांचा यांत दोष नाहीं. परंतु बेळगांवीं राहणाऱ्या त्या वृद्ध कवयित्रीनें मतांसाठीं दारोदार फिरावें तरी कसें?

पुढें २०१८ सालीं साहित्य महामंडळानें निवडणूकच रद्द केली. घटक संस्थांनीं नांवें सुचवावीं, महामंडळानें एक ठरवावें, असें झालें. आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनास डॉ. अरुणा ढेरे न मागतां लाभल्या. निवड उत्तमच. तथापि कोणतें नांव कां मागें पडलें, हें आतां आम्हां वाचकांस कळत नाहीं. मतें निदान मोजलेलीं दिसत होतीं! निवडणूक पुन्हा नको. महामंडळानें आपलीं कारणें मात्र छापावीं. एक पान पुरेल.