विश्लेषण : उतारवयात लस कमी प्रभावी का ठरते? लसिका ग्रंथी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय?

एकच फ्लू, घरातल्या तरुणाला दोन दिवस झोपवतो आणि आजोबांना थेट अतिदक्षता विभागात नेतो. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) अंदाजानुसार तेथे हंगामी फ्लूच्या एकूण बळींपैकी ७० ते ८५ टक्के ६५ वर्षांवरील असतात. ज्यांना लसीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच शरीरात ती कमी परिणाम करते. याचे एक मोठे कारण लसिका ग्रंथींच्या वार्धक्यात आहे. भारतातील ज्येष्ठांची वाढती संख्या पाहता हा विषय केवळ जीवशास्त्राचा उरलेला नाही.

लसिका ग्रंथी काय करतात?

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. ग्रामीण महाराष्ट्रात तिला ‘अवधाण’ म्हणतात. ही सुजलेली लसिका ग्रंथी असते. मान, काख, जांघ, छाती आणि पोट अशा भागांत मिळून शरीरात साधारण पाचशे ते सहाशे लसिका ग्रंथी असतात. बहुतेकींचा आकार वाटाण्याहून मोठा नसतो.

जंतू किंवा लस शरीरात शिरली की डेंड्रायटिक पेशी त्यांचे नमुने उचलून जवळच्या ग्रंथीत आणतात. तेथे टी आणि बी पेशींची सतत ये-जा सुरू असते. एखादा विशिष्ट जंतू ओळखू शकेल अशी टी पेशी लाखातून एखादीच असते. नमुना आणि ती नेमकी पेशी यांची गाठ घालून देणे हे लसिका ग्रंथीचे मुख्य काम. ही भेट झाली की पेशींची संख्या झपाट्याने वाढते. ग्रंथीतल्या ‘जर्मिनल सेंटर’ या भागात बी पेशी अधिकाधिक अचूक प्रतिपिंडे बनवायला शिकतात. गाठ सुजते ती या लगबगीमुळे.

वयानुसार त्यांच्यात काय बदलते?

ग्रंथीच्या आत एक बारीक जाळी असते. तिच्यातील पेशी रासायनिक संकेत सोडून टी पेशींना वाट दाखवतात आणि त्यांना जगवतातही. वय वाढते तशी ही जाळी विस्कळीत होते. ग्रंथीचा काही भाग चरबी आणि तंतुमय ऊती व्यापतात. लसिका वाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण मंदावते, त्यामुळे नमुने ग्रंथीपर्यंत उशिरा पोहोचतात. जर्मिनल सेंटर लहान आणि कमी होतात.

उंदरांवरील प्रयोगांतून एक लक्षणीय बाब पुढे आली. तरुण उंदराच्या टी पेशी म्हाताऱ्या उंदराच्या शरीरात सोडल्या, तरी त्या तेथे नीट टिकत नाहीत. म्हणजे दोष केवळ पेशींत नाही, त्यांच्या निवासस्थानातही आहे.

मग थायमसचा संबंध काय?

छातीच्या हाडामागे असलेली थायमस ग्रंथी नव्या टी पेशींना तयार करते. तारुण्यात पदार्पण होताच ती आक्रसू लागते आणि साठीपर्यंत तिची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते. परिणामी कोऱ्या, म्हणजे कोणत्याही जंतूशी अद्याप सामना न झालेल्या टी पेशींचा पुरवठा आटतो. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी मात्र भरपूर असतात. त्यामुळे परिचित जंतूंशी शरीर बऱ्यापैकी लढते, पण करोनासारखा नवा विषाणू आला की त्याला ओळखणाऱ्या पेशी कमी पडतात.

प्रौढपणी थायमस निरुपयोगी असते, हा समजही मागे पडत आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत कधी कधी ही ग्रंथी काढली जाते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले. तशाच शस्त्रक्रियेत थायमस शाबूत राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण २.८ टक्के होते.

‘इन्फ्लमेजिंग’ म्हणजे काय?

इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली ही संज्ञा रूढ केली. उतारवयात संसर्ग नसतानाही शरीरात दाह निर्माण करणारी रसायने थोड्या प्रमाणात सतत वाहत राहतात. लठ्ठपणा, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे ती वाढतात. ही धुमसती आग हृदयविकारासारख्या आजारांना हातभार लावते. खऱ्या संसर्गाच्या वेळी मात्र प्रतिसाद उशिरा आणि अपुरा येतो. म्हणूनच वृद्धांमध्ये न्यूमोनिया असूनही अनेकदा ताप नसतो. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, जेवण तुटणे हीच पहिली लक्षणे असू शकतात.

यावर लसींत उपाय आहे का?

आहे, आणि तो सिद्धही झाला आहे. पहिला मार्ग मात्रा वाढवण्याचा. नेहमीच्या लसीच्या चौपट घटक असलेली फ्लूची लस अमेरिका आणि कॅनडात ६५ वर्षांवरील सुमारे ३२ हजार जणांवर तपासण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती साध्या लसीपेक्षा २४.२ टक्के अधिक परिणामकारक ठरली.

दुसरा मार्ग ग्रंथीला जोरदार हाक देणाऱ्या पूरक घटकाचा, म्हणजे अ‍ॅज्युव्हंटचा. नागिणीची (हर्पिस झोस्टर) जुनी लस सत्तरीपुढे जेमतेम ३८ टक्के संरक्षण देत असे. विषाणूचे एक प्रथिन आणि प्रभावी अ‍ॅज्युव्हंट यांपासून बनवलेल्या ‘शिंग्रिक्स’ने याच वयोगटात सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. थकलेल्या लसिका ग्रंथींनाही कामाला लावता येते, हे यातून दिसले. लस कमी चालते म्हणून ती घेऊच नये, हा तर्क त्यामुळेच चुकीचा ठरतो. संसर्ग टळला नाही, तरी आजार गंभीर होण्याचा धोका लस कमी करते.

भारतात स्थिती काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक सुमारे १०.४ कोटी होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटींच्या पुढे जाईल, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ.

मात्र सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गर्भवतींसाठी आहे. करोनाकाळात १ मार्च २०२१ पासून ज्येष्ठांना प्राधान्याने लस देण्यात आली, पण फ्लू, न्यूमोकॉकल किंवा नागिणीच्या लसीसाठी राष्ट्रीय पातळीवर तशी नियमित व्यवस्था उभी राहिली नाही. शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते, पण दोन मात्रांपैकी प्रत्येकीचा खर्च दहा हजार रुपयांच्या आसपास आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या शेतमजुराला तो कसा परवडणार?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यात रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा उपचार आहे, दाखल होण्याची वेळ टाळणारी लस नाही. न्यूमोनियाच्या खाटेसाठी सरकार पैसे मोजते आणि लसीचा खर्च कुटुंबावर राहतो. ज्येष्ठांच्या आरोग्यधोरणातली ही उणीव आता भरून काढावी लागेल.

ज्येष्ठांनी काय करावे?

‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकले जाणारे काढे आणि गोळ्या आक्रसलेली थायमस पूर्ववत करतात, याला पुरावा नाही. व्यायामाबाबत मात्र आशादायक नोंदी आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ साली ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंचा अभ्यास झाला. त्यांच्यात नव्या टी पेशींची निर्मिती तरुणांच्या जवळपास आढळली. रोजचे चालणे, पुरेशी प्रथिने, मधुमेहावर नियंत्रण आणि तंबाखूला नकार यांचा लाभ होतो. कोणती लस कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एक खबरदारीही आवश्यक आहे. मान, काख किंवा जांघेतील गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, कडक लागली, दुखत नसूनही वाढत राहिली किंवा सोबत वजन घटू लागले, तर ‘वयानुसार होते’ म्हणून सोडून देऊ नये. क्षयरोग किंवा कर्करोगाचे ते पहिले चिन्ह असू शकते आणि लवकर निदान झाल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता वाढते.