टेस्ट वाचता येते का, बॉस?

'जालना सोने का पालना' म्हणतात. सोन्याचं जाऊ द्या, पण बियाण्यांसाठी जालना एकदम फेमस! १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइजही मिळालं.

याच जिल्ह्यात पेरणीआधी सोयाबीनची घरगुती टेस्ट करतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचं, ओल टिकवायची. आठवड्याभराने उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. बास! तयारी, कृती, निकाल. आजोबांना कळते, नातवालाही कळते. आणि कळायलाच हवी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती जणांवर दुबार पेरणीची वेळ आली, आठवतंय ना?

आता चला हिंजवडीला. माझी एक जालन्याची मैत्रीण तिथे आयटीत आहे. तिच्या वाट्याला आली चारशे ओळींची शेल टेस्ट स्क्रिप्ट. लिहिणारा केव्हाच जॉब सोडून गेलेला. रिलीजच्या रात्री स्क्रीनवर एकच शब्द : फेल. काय फेल, कुठे फेल, पत्ता नाही. सीनियरचा सल्ला? 'ती लाइन कमेंट करून टाक.' म्हणजे गोणपाट न उघडताच पेरणी!

बाईसाहेबांनी ऐकलं नाही. स्क्रिप्ट सोपी करायला घेतली आणि गुरू केला गिटला. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्या बहुतेक टेस्ट शेलमध्येच आहेत आणि जुन्या टेस्टची साफसफाई तिथे सतत चालू असते. तिने उचललेल्या तीन गोष्टी :

एक. फाइल आहे का हे बघायला नुसतं 'टेस्ट डॅश एफ' लिहिलं, की फाइल नसताना ते गुपचूप फेल होतं. गिटवाले त्याजागी 'टेस्ट पाथ इज फाइल' वापरतात. नावातच अर्थ, आणि फेल झालं तर कोणती फाइल नाही तेही सांगतं.

दोन. पाइपने कमांड जोडल्या तर शेल एरवी शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो. पहिली तोंडावर आपटली तरी टेस्ट पास! म्हणून आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, मग त्यात शोधा.

तीन. प्रत्येक टेस्टने आपला पसारा आपणच आवरायचा. नाहीतर एकीची घाण दुसरीला पाडते.

यात कुठेही शायनिंग नाही. टेस्ट पास होते तेव्हा कुणी ढुंकूनही बघत नाही. ती वाचली जाते फेल झाल्यावर, रात्री दोन वाजता, आणि तीही भलत्याच माणसाकडून. त्याला ती कळली नाही तर तो बग शोधत नाही, टेस्टच बंद करतो. मग बग थेट कस्टमरच्या घरी!

सो, उद्या एक प्रयोग कराच. तुमची जुनी टेस्ट टीममधल्या नव्या पोराला वाचायला द्या आणि गप्प बसा. ती काय तपासते हे त्याने सांगितलं तर पास. नाही सांगितलं तर नापास तुमची टेस्ट, पोरगा नव्हे!