तीन पायांचा भरवसा

एखाद्या घरी अब्बांचा किंवा दादाजानचा जुना यशिका, रोलीफ्लेक्स, नाहीतर मामिया कपाटातून निघतो आणि पोरे विचारतात, याला ट्रायपॉड कोणता घ्यावा? या महिन्यात त्यावरच बोलू.

१९८८ साली आपल्या जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे वैनगंगाकाठची गावे उठली. ज्या घरांचे फोटो काढायचे राहिले, त्यांचे आता काढता येणार नाहीत. आज वाटण्या होतात, स्लॅब पडतो, कवेलूंची घरे जातात. पाडण्याआधी ओसरी, माजघर, दादीची चूल टिपायची असेल तर आत उजेड कमी असतो. १०० च्या फिल्मवर शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते. सेकंदाच्या साठाव्या भागाखाली हात भरवशाचा राहत नाही. शिवाय १२० च्या रिळावर यशिकाचे फोटो १२ आणि मामिया आरबी ६७ चे १०च. एक हलला तर पैसा गेलाच, घरही परत उभे राहणार नाही.

दुकानात आधी वजन पाहा. यशिका मॅट साधारण एक किलोचा, आरबी ६७ अडीच किलोच्या वर. डब्यावर लिहिलेली क्षमता कॅमेऱ्याच्या निदान दुप्पट असावी. मोबाइलसाठीचा हलका ट्रायपॉड इथे फुकटही नको.

उंचीच्या मोहात पडू नका. या कॅमेऱ्यांत वरून, मान खाली घालून पाहायचे असते. छातीइतकी उंची पुरते. म्हणून चार-पाच घड्यांच्या पायांपेक्षा तीन घड्यांचे जाड पाय बरे. मधली दांडी वर न काढताच ही उंची मिळाली पाहिजे.

डोके साधे पण दणकट घ्या. यशिकाचा फोटो चौकोनी, म्हणून कॅमेरा आडवा-उभा करावाच लागत नाही. आरबीची तर पाठच फिरते. हलक्या बॉल हेडवर जड कॅमेरा हळूहळू झुकतो. तीन मुठींचे हेड जागचे हलत नाही.

मग परीक्षा घ्या. पाय पूर्ण उघडा, वरून तळहाताने दाबा, पिळून पाहा. कॅमेरा बसवून पायाला टिचकी मारा आणि काचेवरचे चित्र पाहा. ते लगेच थांबले तर सौदा करा. एखादा स्टुडिओ बंद होत असेल तर तिथला जुना, जड ट्रायपॉड नव्या स्वस्त मालापेक्षा चांगला.

स्क्रूही तपासा. बहुतेक कॅमेऱ्यांना पाव इंचाचा लागतो, काही जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांना तीन-अष्टमांश इंचाचा. मधला बूच थोडक्या पैशांत मिळतो, बहुधा पितळेचाच. पितळेच्या भंडाऱ्याला त्याचे नवल नको! स्क्रू फार आवळू नका, तळ दुखावतो.

केबल रिलीज मात्र विसरू नका. आरबीमध्ये आरसा आधी वर उचलून मगच शटर सोडा. तलावाकाठी वारा असेल तर मधल्या दांडीला पिशवी अडकवा. धानाच्या बांधीतून आल्यावर पाय उघडून पुसा, वाळवा. चिखलाची रेती आत गेली की घड्या अडकतात.

आंबागडावर हे ओझे जाणवेल. दोघांनी आळीपाळीने घ्यावे.

रीळ कुठे आणि कशी धुवावी, ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.