आकड्यामागचे मूल

दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकता यावा म्हणून कला शाखेकडे वळणारी मुले-मुली ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी सापडतील. त्यांतली बरीचशी पुढे मानसशास्त्र घेतात. माणसांत रस असतो, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची वृत्ती असते. आणि मग पदवीच्या वाटेवर प्रमाण विचलन, सहसंबंध अशी मंडळी आडवी येतात. मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्षाला ‘मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र’ असा जोडपेपर वर्षानुवर्षे होता. त्यातल्या ‘आणि’च्या पुढच्या भागाने अनेकांची झोप उडवली.

“आम्हाला माणसे समजून घ्यायची आहेत, हे आकडे कशाला?” हा विद्यार्थ्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर फळ्यावरच्या सूत्रात नाही, व्यवहारात आहे.

माझे आयुष्य बँकेत गेले. समजा, दहा खाती आहेत. नऊ जणांची शिल्लक प्रत्येकी दहा हजार; दहावे खाते एका बिल्डरचे, त्यात दहा लाख दहा हजार. सरासरी निघते एक लाख दहा हजार. एवढी रक्कम दहांपैकी एकाच्याही खात्यात नाही! मध्यांक मात्र दहा हजार, आणि नऊ जणांची खरी स्थिती तोच सांगतो. हे ज्याला उमगले, त्याला संख्याशास्त्राचे दार उघडले.

बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी केली, ती शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले; १९४० साली त्यांचे त्यावरचे पुस्तक निघाले. नुसते भाषांतर का पुरले नाही? कारण मुलाची तुलना कोणत्या मुलांशी करायची, हा सगळ्यात मोठा प्रश्न. पॅरिसच्या पोराचे माप आपल्या पोराला लावले आणि ते बसले नाही, तर दोष पोराचा की मापाचा? ‘प्रमाणीकरण’ या जड शब्दाचा अर्थ एवढाच.

ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. आज समुपदेशन, कलचाचणी हे शब्द इथल्या मध्यमवर्गीय घरांत परके राहिलेले नाहीत. म्हणजेच आजची विद्यार्थिनी उद्या कुणाच्या तरी आईवडिलांपुढे अहवाल ठेवणार आहे. त्यात ‘८४ पर्सेंटाइल’ असेल, तर ते ८४ टक्के गुण नव्हेत. तुलनेच्या गटातील शंभरपैकी सुमारे ८४ मुलांच्या तो पुढे आहे, एवढेच. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या चाचणीत ११५ बुद्ध्यंकाचा अर्थ नेमका हाच होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चाचणी कितीही चांगली असली तरी तिच्या मापात थोडी चूक राहतेच. वरच्याच चाचणीची विश्वसनीयता ०.९१ धरली, तर मापनातील प्रमाण त्रुटी साडेचार येते. म्हणजे ९० बुद्ध्यंक आलेल्या मुलाचा खरा आकडा साधारण ८१ ते ९९ यांच्या दरम्यान मानावा लागतो. हे न सांगता नुसते ‘नव्वद’ सांगितले, की घरात तो आकडा शिक्क्यासारखा बसतो. आई गप्प होते, बाप शेजारच्या मुलाशी तुलना करतो, आणि मूल स्वतःला ‘नव्वदवाला’ समजू लागते.

कोणी म्हणेल, आता हे सगळे संगणक करतो. करू द्या की! बँकेतही व्याज यंत्रच काढू लागले. पण कर्ज कुणाला द्यावे, हे कळायला माणूस लागलाच. आकडेमोडीचा भार यंत्राने उचलला, तर वर्गातला वेळ अर्थ लावण्याला मिळावा. परीक्षेत सूत्र पाठ म्हणून घेण्याऐवजी एक अहवाल द्यावा आणि विचारावे: हा एखाद्या आईला साध्या मराठीत दहा वाक्यांत समजावून सांगा. काय सांगता येते, आणि काय सांगता येत नाही, दोन्ही लिहा.

ज्याला हे दहा वाक्यांत जमेल, त्याच्या हाती आपले मूल सोपवायला हरकत नाही. ज्याला जमणार नाही, त्याचे मन कितीही हळवे असो, त्याच्या हातून नकळत एखाद्या मुलावर अन्याय होण्याची भीती आहे.