ऑफरोड म्हणजे कुणाच्या तरी रोडवर

सुरुवातीलाच सांगतो, दुचाकीच्या आवाजानं ज्यांचं डोकं उठतं अशा काकालोकांतला मी नाही. माझ्याकडे एक्सपल्स आहे. तिला नॉबी टायर आहेत, खाली बॅशप्लेट आहे, डाव्या बाजूच्या प्लॅस्टिकवर चार वर्षांचे ओरखडे आहेत आणि त्यातल्या प्रत्येक ओरखड्याची गोष्ट मी कुणी विचारली नाही तरी सांगतो. तेव्हा पुढं जे आहे ते घरातलं भांडण आहे. बाहेरच्यांनी यात टाळ्या वाजवू नयेत.

भांडण एका शब्दावरून आहे: ‘अनएक्सप्लोर्ड’. आमच्या ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी टाकतं, ‘नवा अनएक्सप्लोर्ड ट्रेल सापडलाय, रविवारी कोण कोण?’ आणि खाली अंगठे, आगीचे गोळे. पुण्यापासून दोन तासांवर, सह्याद्रीत, अनएक्सप्लोर्ड? ज्या डोंगरातून सातवाहनांच्या काळापासून माल वरखाली होतोय, जिथं नाणेघाटात जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात, तिथं तुम्हाला आजवर कुणी न पाहिलेली वाट सापडली? वाट सापडली याचा अर्थच तुमच्या आधी तिथं कुणीतरी रोज चालत होतं. वाट काही उगवत नाही.

कधी इंजिन बंद करून तिच्याकडे नीट बघा. तिची वळणं डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला किती चढ झेपतो त्यावर ठरलेली असतात. मध्येच चार-पाच दगड एकावर एक दिसतात आणि आपण म्हणतो, वा, काय टेक्निकल सेक्शन आहे! ते दगड पावसात म्हातारीचा पाय घसरू नये म्हणून कुणीतरी आणून बसवलेले असतात.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. गेल्या वर्षी घट बसायच्या आदल्या रविवारी आलं. त्या दिवसाचं सांगतो.

आम्ही आठजण. पहाटे साडेपाचला चांदणी चौक. मुळशीच्या रस्त्याला एका टपरीवर चहा, पुढं डांबर सोडून एका धरणाच्या मागच्या अंगाला. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथं वीस गाड्या असतील, हे मला माझ्याच अनुभवावरून माहीत आहे, त्याकडे येतोच. डांबर संपलं तिथं टायरमधली हवा सोडून पंधरा-सोळावर आणली, गुडघ्याचे गार्ड चढवले, निम्म्या लोकांनी नंबरप्लेटी काढून सॅकमध्ये टाकल्या. ‘झाडीत अडकून तुटते’ असं आम्ही म्हणतो. ते अर्धं खरं आहे.

आणि मग मजा. खोटं कशाला बोलू? फूटपेगवर उभं राहून, टाकी गुडघ्यांत धरून, क्लच अर्धा दाबत दगडांतून गाडी वर काढताना डोक्यात दुसरं काही म्हणजे काही उरत नाही. ईएमआय नाही, अप्रेझल नाही, लग्नाचं कधी बघणार नाही. नजर पुढच्या दगडावर ठेवलीत तर तिथंच आदळता. दोन गाड्या पुढं बघितलंत तर गाडी आपोआप वाट काढते. हे कळायला मला दोन वर्षं आणि एक कॉलरबोन लागलं. पहिल्या ओढ्यात एकजण आडवा झाला, सगळे हसले, चौघांनी मिळून गाडी उचलली. तिसऱ्या वळणावरच्या चढाला माझं मागचं चाक जागेवर गरगर फिरलं, दगड उडाले, गाडी आडवी सरकली आणि एकदम पकड मिळून वर गेली. मी ओरडलो. आनंदानंच. माझ्या मागून येणाऱ्या तिघांना त्याच वळणावर चिखल लागला. कोरड्या चढावर अचानक चिखल म्हणजे बोनसच. त्यांनी त्याचं शूटिंग केलं.

वर कातळाचा सडा. सोनकी फुललेली, पिवळंजर्द. कातळावरच्या पाणथळ भागात सीतेची आसवं, गेंद, आणि नीट वाकून बघितलं तर दवबिंदू. लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असलेली ती इवलीशी वनस्पती. इथं माती बोटभरच असते आणि तिच्यात कस नसतो, म्हणून यातल्या काही वनस्पती किडे खाऊन भागवतात. दवबिंदू त्यांना थेंबात चिकटवते, सीतेची आसवं पाण्यातल्या बारीक पिशव्यांत पकडतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी आम्ही तिथं गोल गोल गाडी फिरवली. एक राउंड मीही मारला. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथं आता तिकीट काढून, ठरावीक संख्येत माणसं सोडतात. या सड्याला तिकीट नाही, पाटी नाही. म्हणजे तो आमचा, असा हिशेब.

परतीला तिसऱ्या वळणावर एक माणूस वाटेत उकिडवा बसला होता. साठीचा असेल. समोर काळा पाइप, बोटभर जाडीचा, दोन तुकड्यांत. वरच्या तुकड्यातून पाणी येऊन वाटेवरून वाहत होतं. डोंगरातल्या वाड्यांना असंच पाणी येतं. वर कुठंतरी झरा असतो, तिथं तोंड बसवायचं आणि वाटेच्या कडेकडेनं, गवतातून पाइप खाली आणायचा. मोटर नाही, वीज नाही, उतारानं पाणी येतं. मघाशी तिघांना लागलेला चिखल त्या पाइपचा होता. आणि पाइप बहुतेक माझ्या चाकानं ओढला होता.

“मामा, काय झालं?” आमच्यातल्या एकानं हेल्मेट काढून विचारलं.

“पायप गेला न्हवं का.”

“आमच्या गाडीनं?”

“तुमच्याच म्हनून कसं सांगू? मागल्या ऐतवारी बी असाच गेल्ता. तवा धा-बारा गाड्या हुत्या.”

एकानं पाकिटातून पाचशेची नोट काढली. मामांनी नोटेकडे बघितलं, घेतली नाही. “पैसं हितं कुटं लावू? ट्यूब हाय का एखादी जुनी?”

ट्यूब होती. एकवीस इंची, नवी, स्पेअर. ती कापली. त्यांनी पाइपची दोन टोकं एकमेकांत सरकवली, वरून ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, तारेनं आवळली. दहा मिनिटांचं काम. आम्ही आठजण लाख-दोन लाखांच्या गाड्यांशेजारी उभे राहून बघत होतो. काम संपल्यावर त्यांनी हात पुसत विचारलं, “वर काय काम हुतं?”

कुणालाच उत्तर सुचेना. शेवटी एकजण म्हणाला, “असंच. फिरायला.”

“आसं व्हय,” ते म्हणाले आणि पाइपला कान लावून पाणी चाललंय का ते ऐकायला लागले.

खाली टपरीवर विषय निघाला की हा ट्रॅक कुणी शोधला. ज्यानं त्या दिवशी लीड केलं होतं त्यानं ॲप उघडून दाखवलं. दोन वर्षांपूर्वीची फाइल, शेजारी एक टोपणनाव. ते माझं होतं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी आणि एक मित्र तिथं गेलो होतो, परत येऊन मी जीपीएक्स फाइल चढवली होती आणि किती जणांनी उतरवून घेतली हे काही दिवस रोज बघत होतो. तेव्हा तो पाइप तिथं नव्हता, किंवा मला दिसला नाही. दुसरंच जास्त खरं असावं. टपरीवर मी गप्प बसलो. भजी खाल्ली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा हा विषय काढला, तेव्हा मला तीच ती उत्तरं मिळाली. ती एकदा उघड्यावर घ्यायला हवीत.

पहिलं: गुरांच्या खुरांनीही डोंगर झिजतो. झिजतो. पण गाय जागेवर चाक फिरवत नाही, आणि चढ दिसला की सरळ त्याच्या छातीवर चढत नाही. पायवाट नागमोडी असते म्हणून पाणी तिच्यावर जोर धरत नाही. आपण दोन वळणांमधलं अंतर सरळ उभं कापतो, त्याला हिल क्लाइंब म्हणतो. नॉबी टायर गवताची मुळं उपटतो, एक सरळ चर पडते, पुढच्या पावसाचं पाणी नेमकं तीच चर धरतं. दोन पावसांत तिथं ओघळ होतो. मग आपण म्हणतो, ट्रेल आता जास्त चॅलेंजिंग झालाय.

दुसरं: अरे, तिकडं जेसीबी लावून अख्खे डोंगर फोडून बंगल्यांचे प्लॉट पाडतायत, त्यांना बोल की! हे उत्तर माझं स्वतःचं लाडकं होतं, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर खरं आहे. पण त्या फोडणाऱ्याचं नाव निदान सातबाऱ्यावर असतं. गावाला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, हरला तरी. सॅकमध्ये नंबरप्लेट टाकलेल्या आठ गाड्यांविरुद्ध मामांनी कुणाकडे जायचं?

तिसरं: गावाला चार पैसे मिळतात. त्या दिवसाचा हिशेब मांडू. पेट्रोल शहरात भरलं. टायर, गार्ड, गाड्या शहरातल्या दुकानांतून आल्या. वाडीत आम्ही एक रुपया खर्च केला नाही. खालच्या रस्त्यावर आठ चहा आणि तीन प्लेट भजी. टपरीवाला त्या वाडीचा नव्हताच.

चौथं उत्तर जरा वरच्या पट्टीतलं असतं: असं सगळं बंद केलंत तर भारतातून रायडर कसे तयार होणार? २०२४ मध्ये हरिथ नोआनं डकारमध्ये रॅली-२ गट जिंकला, अभिमान वाटला ना? वाटला. रात्री जागून निकाल बघितले होते. पण हरिथ नोआ सुपरक्रॉसमधून आलाय. २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, सी. एस. संतोष, तोही मोटोक्रॉसमधून. म्हणजे खेळासाठी बांधलेल्या ट्रॅकवरून. आपण रविवारी करतो तो सराव नाही, सहल आहे. सहलीत वाईट काही नाही. फक्त तिला देशसेवेचं नाव देऊ नका.

आता जे कुणी उत्तर म्हणून देत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं, ते: आपल्याला काही होणार नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ वाचा. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि गुरं चारणं, दोन्ही गुन्हे एकाच कलमात, अगदी एकाच ओळीत आहेत. त्या ओळीची भीती डोंगरातल्या धनगराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपल्याला ती ओळ आहे हेही माहीत नसतं. एकाच गुन्ह्यासाठी त्याची जनावरं धरली जाऊ शकतात आणि आपल्याला लाइक मिळतात.

गाडी विकणार आहे का, असं मला विचारतात. नाही. २०११ मध्ये इम्पल्स आली तेव्हा मी शाळेत होतो आणि शोरूमच्या काचेला नाक लावून उभा राहायचो. २०१६ मध्ये हिमालयन आली, ती परवडत नव्हती. २०१९ मध्ये एक्सपल्स लाखाच्या आसपास आली आणि माझ्यासारख्या पगारदार पोराला पहिल्यांदा डोंगरात घेऊन गेली. ते सुख मला हवंय, आणि तुम्हालाही मिळावं. पण मोटोक्रॉसचे ट्रॅक आहेत, शिकवणारे आहेत. मालकाला विचारून, पैसे देऊन वापरता येतील अशा पडीक जमिनी आणि बंद खाणी आहेत. बैलगाडीचे, ट्रॅक्टरचे मातीचे रस्ते आहेत; ते चाकासाठीच झालेत. मला जे नको वाटतं ते एवढंच: पायानं झालेल्या वाटेवर चाक, पावसाळ्यात आणि त्यानंतर जमीन ओली असेपर्यंत सड्यावर गाडी, आणि सॅकमधली नंबरप्लेट. जायचंच असेल तर आधी वाडीत थांबून विचारा. ‘नको’ म्हणाले तर वळा. वळण्याचं सर्वांत जास्त अवघड वाटतं, हे मला मान्य आहे. सात जण मागं उभे असतात आणि पहाटे चारला उठलेले असतात.

ग्रुपवर हे लिहिल्यावर दोघांनी मला मेसेज करून पाठिंबा दिला, ग्रुपवर मात्र काही बोलले नाहीत. एकानं लिहिलं, ‘भाऊ म्हातारा झाला.’ मी एकतीस वर्षांचा आहे.

ती फाइल मी त्याच आठवड्यात काढून टाकली. उपयोग झाला नाही. दुसऱ्या कुणीतरी ती नव्या नावानं चढवली आहे, ‘हिडन जेम’ म्हणून, आणि रीलमधला चिखलाचा तुकडा तिच्या जाहिरातीला वापरलाय. ती तुमच्या फोनमध्ये असू शकते. असेल आणि तरीही जाणार असाल, तर पाइप वाटेच्या डाव्या हाताला आहे, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे. गवतात दिसत नाही. उतरून, गाडी ढकलत न्या.