‘पटलं नाही’ म्हणता यायला हवं

‘डॉक्टर म्हणजे काय चपला आहेत, चार घालून बघायला?’ मानसोपचारासाठी दुसरीकडे जावं का, असा विषय घरात निघाला की कोणी ना कोणी वडीलधारं हे वाक्य टाकतंच. वाक्य खटकेबाज असल्यामुळे समोरचा गप्प बसतो. पण हेच वडीलधारे स्वतःचा गुडघा बदलायची वेळ आली की काय करतात? साडूच्या ओळखीचा सर्जन पाहून होतो, भाचीच्या सोसायटीतला पाहून होतो, शिवाय ‘मुंबईला एकदा दाखवून घेऊ’ असतंच. एक्स-रेची पिशवी काखेत मारून तीन दवाखाने फिरतात आणि सगळे त्याला शहाणपण म्हणतात. गुडघ्याला सेकंड ओपिनियन, आणि मनाच्या बाबतीत मात्र पदरी पडलं पवित्र झालं. हा न्याय मला मान्य नाही.

खरं तर हे नेमकं उलटं असायला हवं. सर्जनशी तुमचं जमलं नाही तरी सांधा नीट बसू शकतो, कारण त्या वेळी तुम्ही भुलीखाली असता. मानसोपचारात रुग्ण जागा असतो, बोलणाराही तोच असतो, आणि त्याने आतलं काही झाकून ठेवलं की काम तिथेच अडतं. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली रुग्ण आणि उपचार करणारा यांच्यातल्या नात्याचे तीन घटक सांगितले: आपण कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. त्यानंतर यावर शेकडो अभ्यास झाले. २०१८ साली जवळपास तीनशे अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हाही हे नातं जितकं घट्ट तितका गुण अधिक, असंच दिसलं. संबंध फार मोठा नाही. रुग्णारुग्णांत जो फरक पडतो त्यातला सुमारे ८ टक्के भाग त्यातून उलगडतो. पण बोलण्यातून होणाऱ्या उपचारात इतक्या सातत्याने हाती लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत.

यावरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आपल्या मातीत गुरू-शिष्याचं नातं रुजलेलं आहे, गिऱ्हाइकासारखी निवडानिवड इथे मानवत नाही, श्रद्धा असेल तरच गुण येतो, असं म्हणणारे सगळेच अडाणी नसतात. पंजाबी कवी आणि नामवंत मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली, गुरू-चेला हे नातं उपचाराचा नमुना ठरू शकेल का, यावर गंभीरपणे लिहिलं होतं. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडचा माणूस दवाखान्यात येतो तो कोणीतरी वाट दाखवावी म्हणून. नुसतं मान डोलवत ‘मग तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारणाऱ्यासमोर तो बावरतो, आणि ‘पैसे घेऊन मलाच विचारतात’ म्हणत घरी जातो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण श्रद्धेचा हवाला देणाऱ्यांनी आपल्याच घरातली पोथी उघडावी. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूवाचून गती नाही हे ठासून सांगितल्यावर रामदास लगेच गुरूची लक्षणं सांगायला बसतात. चमत्कार दाखवणाऱ्यांना तिथे थारा नाही. शिष्यानं कसं असावं हा समास त्याच्यानंतर येतो. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने रुग्णाला ‘प्रश्न विचारू नको’ म्हणून दटावलं जातं, त्या परंपरेनेच पारख करायचं काम आधी नेमून दिलेलं आहे.

आणखी एक आक्षेप खुद्द उपचार करणाऱ्यांकडून येतो: ‘उपयोग होतोय की नाही ते आम्हाला कळतं, पेशंटने घाई करू नये.’ कळतं का? २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुपदेशकांना विचारलं होतं, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची अवस्था उपचार संपताना आधीपेक्षा वाईट झालेली असेल? एकूण साडेपाचशे जण होते. समुपदेशकांनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात बिघडले चाळीस, आणि त्या तिघांतला अंदाज खरा ठरला एकाच्याच बाबतीत. हे मी कोणाला हिणवायला सांगत नाही. दिवसभर आशेवर काम करणाऱ्या माणसाला बिघाड दिसणं अवघडच असतं. म्हणून तर समोर बसलेल्याने तो बोलून दाखवायला हवा, आणि ‘घाई करू नका’ हे त्याचं उत्तर होत नाही.

त्यात आपल्याकडे दारावरची पाटी काय सांगते, हाही प्रश्नच आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या डॉक्टरच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती असू शकते, किंवा दोन रविवारांचं शिबिर केलेला उत्साही माणूसही. संसदेने २०२१ मध्ये सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात समुपदेशकही धरले आहेत. पण कायद्याची घडी बसेपर्यंत चौकशीचा भार रुग्णावरच आहे. तुमचं शिक्षण काय, माझ्यासारखी तक्रार असलेली माणसं तुम्ही आधी पाहिली आहेत का, तुमच्या कामावर कोणाची देखरेख असते, हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत. त्यांचा राग येणाऱ्याकडे न गेलेलंच बरं.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या तरुण वाचकांशी आता माझं भांडण आहे. कारण ‘सूट होणारा थेरपिस्ट’ याचा अर्थ त्यांनी फार स्वस्त करून टाकला आहे. ‘व्हाइब जुळली नाही’ म्हणून पहिल्याच भेटीनंतर थेरपिस्ट बदलायचा, पुन्हा दुसरा शोधायचा, आणि जो आपल्या प्रत्येक वाक्याला ‘तुमचं बरोबरच आहे’ म्हणेल त्याच्यापाशी थांबायचं. हेही मला तितकंच अमान्य आहे.

१९६५ साली अमेरिकेत एक चित्रफीत निघाली. ग्लोरिया नावाची एकच स्त्री त्यात लागोपाठ तीन नामांकितांना भेटते: शांतपणे ऐकून घेणारे कार्ल रॉजर्स, डिवचणारे फ्रिट्झ पर्ल्स आणि विचारांवर थेट घाव घालणारे अल्बर्ट एलिस. शेवटी तिला विचारलं, यातलं कोण तुझ्या उपयोगी पडेल? तिने पर्ल्सकडे बोट दाखवलं. पुढे त्या भेटीबद्दल तिच्या मनात कडवटपणा आला, आणि पत्रव्यवहार राहिला तो रॉजर्सशी, तिच्या अखेरपर्यंत. पहिल्या तासात जे भारून टाकतं ते टिकेलच असं नाही, आणि जे मिळमिळीत वाटतं ते कुचकामी असतंच असंही नाही. गंमत म्हणजे त्या तिघांपैकी ज्यांचा बाणा सर्वांत रोखठोक, त्या एलिस यांचीच पद्धत महाराष्ट्रात मराठीतून रुजली. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती इथे आणली, शिकवली. ‘असं झालंच पाहिजे’ या हट्टावर बोट ठेवणारी ही पद्धत कित्येक मराठी माणसांना मानवली. तेव्हा आपल्या लोकांना गोड बोलणाराच लागतो, हेही मला पटत नाही.

गोड बोलण्याने नुकसान कसं होतं, ते ओसीडीत, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, स्पष्ट दिसतं. गॅसचं बटण बंद केलं का, या शंकेने एक माणूस रात्रीतून पंधरा वेळा उठतो. प्रेमळ समुपदेशक त्याला दर आठवड्याला धीर देतो, ‘काही होणार नाही, तुम्ही बंद केलेलंच असतं.’ माणूस हलका होऊन घरी येतो, त्याला वाटतं काय छान माणूस भेटला. प्रत्यक्षात तो दिलासाही आता तपासून पाहण्याच्या चक्राचाच भाग झालेला असतो. शंका आली की त्याला समुपदेशकाचा फोन लावावासा वाटतो. ओसीडीसाठी ज्या उपचारामागे भक्कम पुरावा आहे त्यात याच्या उलट करतात: शंका मुद्दाम जागी करायची आणि उठून न पाहता ती अस्वस्थता सोसायची, पायरीपायरीने, रोज. असं करवून घेणारा माणूस आठवडाभर शत्रूच वाटतो. या रुग्णाला जुळणारा तोच, कारण त्याला हे काम येतं, आणि ते आत्ता का करायचं हे तो पटवून देऊ शकतो.

मग जुळलं हे ओळखायचं कशावरून? माझी कसोटी एकच आहे: या माणसाला तोंडावर ‘तुमचं हे मला पटलं नाही’ असं म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर पुढे काय होतं? तो चिडला, ‘तुम्हाला बरं व्हायचंच नाही’ म्हणाला, किंवा दुखावून गोडगोड झाला, तर जुळलेलं नाही. त्याने खुर्ची जरा पुढे ओढून ‘काय पटलं नाही, सांगा’ म्हटलं, आणि पुढच्या भेटीत त्याच्या वागण्यात तुमच्या म्हणण्याची खूण दिसली, तर तिथे थांबावं. मग तो तुमच्या गावचा नसला, वयाने लहान असला, चेहऱ्याने खडूस असला तरी.

जात, लिंग, भाषा यांचं काय, असा प्रश्न येणारच. आपल्याच जातीचा, आपल्याच लिंगाचा हवा असा नियम मी करणार नाही. पण कामाच्या जागी जातीवरून झालेला अपमान सांगणाऱ्या मुलाला जो ‘आता कुठे राहिलीय जात?’ असं विचारतो, तो त्या मुलाच्या उपयोगाचा नाही, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लटकोत. मार खाणाऱ्या बाईला ‘थोडं समजून घ्या’ सांगणारी स्त्री समुपदेशकही नाहीच. समलिंगी मुलाला ‘ठीक’ करून देतो म्हणणारा डॉक्टर तर गैरवर्तन करतो आहे; राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली तसं ठरवलेलंच आहे. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयातला २०२१ चा खटला होता. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी समलिंगी जोडप्याच्या त्या प्रकरणात आपले पूर्वग्रह समजून घ्यायला स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसणं पत्करलं आणि ते आदेशात लिहूनही टाकलं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना जे जमलं ते आमच्या काही समुपदेशकांना का जड जातं, कळत नाही.

भाषेची गोष्ट सोपी आहे. रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोलायला मिळावं. पुण्यातल्या आयटी कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या परभणीच्या मुलीने आईशी झालेलं भांडणही इंग्रजीतच सांगायचं, हा जुलूम आहे.

‘हे सगळं शहरातल्या पैसेवाल्यांचं झालं,’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नसल्याचं दिसलं. राज्य सरकारची जुनी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टर एका माणसाला काही मिनिटं देऊ शकतो. एका सत्राचे हजार-दीड हजार मोजणं ज्याला शक्य नाही त्याला ‘निवड करा’ सांगणं ही चेष्टा वाटेल.

पण ज्याच्यापुढे एकच दार आहे, त्याच्यासाठी प्रश्न विचारण्याचा हक्क जास्तच मोलाचा. ओपीडीत सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलणार? ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ एवढं म्हणायची मुभा तिला आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला सांगितलं आहे, हे पॉलिसी असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. एक अपवाद मात्र मी ठामपणे करतो: जीव द्यावासा वाटत असेल, किंवा माणूस भान हरपल्यासारखा वागत असेल, तर जुळणं-बिळणं बाजूला ठेवून जवळचा जो मिळेल तो डॉक्टर गाठायचा. निवड नंतर करता येते.

बाकीच्यांनी चार-पाच भेटी द्याव्यात. काहीच हलत नाही असं वाटलं तर आधी ते समोरच बोलावं, कारण अर्ध्या गाठी तिथेच सुटतात. तरीही जायचंच असेल तर गुपचूप फोन उचलणं बंद करू नये, एक शेवटची भेट घ्यावी. आपल्या उपचारांच्या नोंदी मागाव्यात, तोही हक्क कायद्यात आहे. डॉक्टर बदलताना गोळ्या मात्र मधल्या काळात स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. त्या अचानक बंद केल्याने होणारा त्रास जुन्या-नव्या दोन्ही डॉक्टरांच्या माथी मारला जातो.

यातलं काहीच न करता माणसं नको त्या खुर्चीसमोर महिनोन्महिने बसून राहतात, आणि त्याचं कारण विचारलं तर दर वेळी पैसा किंवा अंतर हेच नसतं. भीड असते. ‘इतकं केलं हो त्यांनी, आता कसं सांगायचं, त्यांना वाईट वाटेल.’ वाटू दे की. वाईट वाटलं तर ते बोलायला त्यांनाही वरिष्ठ असतात, निदान असायला हवेत, आणि नसतील तर सोडून जायला तेवढं एक कारणही पुरेसं आहे.